अण्णा नाईक आवडतो, मग आपलं काही चुकतंय का?

केपेची मावशी | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. धागा लांब होईल, पण विषय डोक्यातून जात नाही म्हणून इथे मांडते.

आमच्या वाड्यावरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात महिला मंडळाचा एक छोटा नाट्यप्रवेश असतो. यंदा बहुतेकींनी 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेतले अण्णा आणि त्याची बाहेरची बाई शेवंता करायचं ठरवलं. मालिका संपून बराच काळ लोटला, तरी मोबाइलवर जुने भाग अजून बघितले जातात, आणि अण्णा स्टेजवर आला की शिट्ट्या पडणार याची सगळ्यांना खात्री. शेवंतासाठी माझ्या भाचीला विचारलं. ती पणजीला कॉलेजात शिकते, नाटकात काम करते. तिनं सरळ नाही सांगितलं. म्हणाली, "मावशी, तो माणूस बायकोला छळतो, परक्या बायकांच्या मागे लागतो, खून पाडतो, आणि तुम्ही त्याला टाळ्या देता. तुम्ही टाळ्या देता म्हणूनच अशी माणसं पुन्हा पुन्हा लिहिली जातात."

मंडळाची कार्यवाह मी. रविवारी बैठक आहे आणि मला काहीतरी भूमिका घ्यायची आहे.

मला स्वतःला अण्णा आवडतो, हे लपवत नाही. माधव अभ्यंकरांनी तो असा उभा केलाय की नुसता ओसरीवर आला तरी घरातल्या सगळ्यांचा आवाज बंद होतो. त्यातली मालवणी आमच्या कानांना घरची वाटते. सावंतवाडीजवळचा आकेरीचा तो वाडा बघायला आमच्या ओळखीतली कितीतरी माणसं जाऊन आली. हा आनंद खरा आहे. भाचीचं म्हणणंही मला खोडता येत नाही. आवडणं हाच दोष, की आवडल्यावर आपण जे करतो त्यात दोष? की प्रेक्षकाचा काही संबंधच नाही, लिहिणाऱ्यानं आणि वाहिनीनं काय ते बघून घ्यावं? मनापासून विचारते आहे, मनापासून सांगा.

वास्कोकर | सोमवार, रात्री ९:२५

मालिका आहे ती. दिवसभर राबून आलेला माणूस अर्धा तास टीव्हीसमोर बसतो, तिथेही त्याच्या डोक्यावर पापाचं ओझं कशाला? अण्णा बघून कोणी खून केल्याचं ऐकलंय का? प्रवेश बसवा खुशाल.

पेडणेकर | सोमवार, रात्री ९:५८

मावशी, आमच्याकडे जत्रेत दशावतार होतो. लहानपणापासून बघत आलोय, पुढे काही वर्षं मेळ्यात कामही केलं, म्हणून थोडं विस्तारानं लिहितो.

आडदशावतारात, म्हणजे आख्यानाआधीच्या भागात, संकासुर येतो. काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा, लाल जीभ बाहेर काढलेली. वेद चोरणारा राक्षस तो. पण सगळ्या खेळात पोरांना सर्वात जास्त आवडतो कोण, तर तोच. लोकांची मालवणीतून थट्टा करतो, पोरांच्या मागे धावतो, पोरं किंचाळत पळतात आणि परत त्याच्याच समोर येऊन उभी राहतात. विष्णू येऊन त्याचा वध करतो तेव्हा काही पोरांना वाईटही वाटतं. मग आख्यान सुरू होतं आणि पहाटेपर्यंत कधी दुर्योधन, कधी रावण, कधी आणखी कोणी राक्षस गाजवत राहतो. प्रेक्षक दाद देतात ती खलनायकालाच. नटाला मान मिळतो तोही त्याच भूमिकेत. इतकी वर्षं आमच्या बापजाद्यांनी राक्षसांना दाद दिली, म्हणून पेडण्यात राक्षस वाढले नाहीत.

खलनायक आवडणं ही प्रेक्षकाची जुनी आवड आहे. दुष्ट माणूस रंगमंचावर जिवंत वाटला पाहिजे, नाहीतर त्याच्याशी लढणाऱ्याला काय किंमत? तुमच्या भाचीला नटी म्हणून हे नक्की कळेल.

साखळीची सून | सोमवार, रात्री १०:४०

पेडणेकर दादा, तुमचा प्रतिसाद वाचायला छान वाटला, पण मला पटला नाही. दशावतारात वध पहाटेच्या आत होतो आणि तो सगळ्या गावासमोर होतो. अण्णाचा दुसरा भाग जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला आणि ऑगस्ट २०२० पर्यंत चालला. इतके महिने रोज रात्री त्याचाच शब्द खरा. शेवटी त्याचं काय झालं हे कोणाच्या लक्षात राहिलं? लोकांच्या लक्षात राहिला तो दरारा.

आमच्या घरचं सांगते. साडेदहाला मालिका लागायची. मधल्या खुर्चीत सासरे, सासूबाई खाली बसून दुसऱ्या दिवशीच्या उसळीचे वाल सोलायच्या, मी दाराला टेकून. अण्णा माईवर, म्हणजे बायकोवर, ओरडायला लागला की सासूबाईंचे हात थांबायचे. सासरे हसायचे. वाईट काही बोलायचे नाहीत, नुसते हसायचे. एकदा जाहिराती लागल्यावर सासूबाई वालाची साल बोटांत धरून मला हळूच म्हणाल्या, "आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षांत हे असंच होतं गो." एवढंच. मग मालिका सुरू झाली आणि त्या परत सोलायला लागल्या.

सासऱ्यांना अण्णा आवडायचा, यात मी त्यांना दोष देत नाही. त्यांचं हसणं शेजारी बसलेल्या बाईवर काय करतंय हे त्यांनी इतक्या दिवसांत एकदाही वळून बघितलं नाही, हे मला लागतं. वास्कोकर म्हणतात कोणी खून केला का. खून बाजूला ठेवा. घरातल्या घरात जे घडतं त्याची फिर्याद कुठेच जात नाही.

केपेची मावशी | सोमवार, रात्री १०:५५

साखळीची सून, हे वाचून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

डिचोली केबल | मंगळवार, सकाळी ८:०५

मी केबलच्या धंद्यात आहे. भाची म्हणते "तुम्ही टाळ्या देता म्हणून अशी माणसं लिहिली जातात", त्यातलं यंत्र कसं चालतं ते सांगतो, कारण यात दोन्ही बाजूंचे गैरसमज आहेत.

टीआरपीचे आकडे बार्क ही संस्था काढते. तिचे मीटर देशभरात पन्नास हजारांहून जास्त घरांत आहेत, आणि त्यावरून कोट्यवधी घरांचा अंदाज बांधला जातो. कोणाच्या घरी मीटर आहे हे गुप्त ठेवतात. ज्या घरी आहे तिथे प्रत्येक माणसाला वेगळं बटण असतं, टीव्हीसमोर बसलं की आपलं बटण दाबायचं. तेव्हा ज्याच्या घरी मीटर नाही त्यानं मालिका बघितली काय किंवा बंद केली काय, टीआरपीत एका दाण्याचाही फरक पडत नाही. आणि हे आकडेही डोळे मिटून मानायचे नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीतल्या फेरफाराचं प्रकरण बाहेर काढलं, तेव्हा बार्कनं बातम्यांच्या वाहिन्यांचे आठवड्याचे आकडे काही काळ बंदच ठेवले होते.

"मग माझा काय दोष" असं मात्र म्हणता येणार नाही. २०१९ मध्ये ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे नियम आले, तेव्हापासून आपण वाहिन्या निवडून त्यांचे पैसे भरतो. माझ्याकडे गिऱ्हाइकांचे फोन येतात, "बाकी काय हवं ते काढ, आईची सिरियल लागते ती वाहिनी ठेव." तो पैसा मोजूनच पुढे जातो. यूट्यूबवरचे व्ह्यूज मोजले जातात, ॲपवर कोणता भाग कुठे सोडला तेही कंपनीला दिसतं. मोबाइलवर बघणाऱ्या प्रेक्षकाची नोंद आता घरोघर होते.

मडगावची वकील | मंगळवार, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे, म्हणून थोडक्यात.

सगळे अण्णावर घसरलेत, पण माझ्या मते वाईट माणूस दाखवणारी मालिका त्यामानानं कमी घातक. तो वाईट आहे हे निदान सगळ्यांना दिसतं. मला जास्त काळजी वाटते ती चांगल्या म्हणून मिरवणाऱ्या कौटुंबिक मालिकांची. सासर म्हणजे देऊळ, नवरा घराबाहेर काढेल म्हणून बाई थरथरते, एका सहीवर सगळं घर दुसऱ्याच्या नावावर होतं. हे बघणारी गोव्यातली बाई स्वतःचा कायदा विसरून जाते. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्नाच्या सह्या झाल्या की नवरा-बायकोची मालमत्ता समाईक होते, दोघांचा निम्मा निम्मा हिस्सा. बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला घर किंवा बागायतीचं भाट विकता येत नाही. तरी माझ्याकडे येणाऱ्या बायका पहिला प्रश्न विचारतात, "मॅडम, तो मला घरातून काढू शकतो ना?" "काढू शकतो का" असं कोणी विचारत नाही. काढू शकतो हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. सगळा दोष मालिकांवर टाकणार नाही, पण रोज रात्री तेच बघितल्यावर दुसरं काय गृहीत धरणार?

'माझ्या नवऱ्याची बायको' २०१६ पासून २०२१ पर्यंत चालली. राधिका मसाल्याचा धंदा उभा करते, ते मला आवडलं होतं. पण तिथवर पोचेपर्यंत तिला किती सोसायला लावलं, आणि आपण ते सोसणं किती चवीनं बघितलं!

फोंड्याचा मास्तर | मंगळवार, सायंकाळी ६:२०

वकीलताईंच्या मुद्द्याला जोडून एक गोष्ट सांगतो. ती तुमच्या-माझ्या अंदाजाच्या उलट जाते, म्हणून मुद्दाम.

रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थतज्ज्ञांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी २००१ ते २००३ या काळात बिहार, हरियाणा, तमिळनाडू, दिल्ली आणि आपला गोवा इथल्या ग्रामीण बायकांना पुन्हा पुन्हा भेटून तेच प्रश्न विचारलेले होते. मधल्या काळात काही गावांत केबल नव्यानं आली, काही गावांत आली नाही. जिथे केबल आली तिथे "नवऱ्यानं मारलं तर चालतं" असं मानणाऱ्या बायकांचं प्रमाण कमी झालं, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला, घरातल्या निर्णयांत बायकांचा शब्द वाढला.

तो काळ आठवा. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' जुलै २००० मध्ये सुरू झालेली. सासू-सुनांच्या त्याच मालिकांना आम्ही शिकलेली माणसं नावं ठेवत होतो. आणि खेड्यातली बाई त्यातून वेगळंच काही उचलत होती: बायका बाहेर पडतात, पैसे हाताळतात, तोंड उघडून बोलतात. प्रेक्षक म्हणजे रिकामं भांडं, मालिका ओतेल ते त्यात भरतं, असं समजणं मला त्या बायकांचा अपमान वाटतो.

वास्कोकर | मंगळवार, सायंकाळी ६:३२

बघा! मास्तरांनीच सांगितलं. विषय संपला.

फोंड्याचा मास्तर | मंगळवार, सायंकाळी ७:१५

नाही हो, संपला कसा? तो अभ्यास सबंध केबलबद्दल आहे, एकेका मालिकेबद्दल नाही. आणि त्यातली माहिती वीसहून जास्त वर्षांपूर्वीची आहे. जिथे काहीच नव्हतं तिथे बाहेरचं जग दिसणं, हा त्याचा गाभा. आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. माझं म्हणणं इतकंच की मालिका बघून माणूस बिघडतो हे जसं सरळ नाही, तसं काहीच होत नाही हेही सरळ नाही. साखळीच्या सुनेच्या घरात एकच प्रसंग बघून सासरे हसले आणि सासूबाईंचे हात थांबले. दोघांनी दोन वेगळ्या मालिका बघितल्या.

बांबोळी ड्युटी | मंगळवार, रात्री ११:५०

रात्रपाळीला आहे, वॉर्ड शांत आहे म्हणून दोन ओळी.

अमेरिकेतली 'थर्टीन रीझन्स व्हाय' ही मालिका २०१७ मध्ये आली, शाळकरी मुलीच्या आत्महत्येवर. २०१९ मधल्या एका अभ्यासात, ती आल्यानंतरच्या महिन्यात तिथल्या १० ते १७ वयाच्या मुलांमधल्या आत्महत्यांचं प्रमाण २८.९ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. हे मालिकेमुळेच झालं का यावर पुढे दुसऱ्या संशोधकांनी हरकत घेतली, वाद अजून आहे. पण नेटफ्लिक्सनं जुलै २०१९ मध्ये आत्महत्येचा तो प्रसंग मालिकेतून काढून टाकला. मालिका आवडलेल्या मुलांचा यात काही अपराध नव्हता. डॉक्टर, पालक आणि प्रेक्षक दोन वर्षं बोलत राहिले म्हणून तो प्रसंग निघाला, एवढं लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अंत्रुजची लेक | बुधवार, सकाळी ६:४०

मी इथे फारसं लिहीत नाही, नुसती वाचत असते. पण हा धागा वाचून झोप आली नाही.

सगळे अण्णाबद्दल बोलताहेत. मावशींच्या मंडळाचा प्रवेश अण्णा आणि शेवंता असा आहे. मला शेवंताबद्दल बोलायचं आहे.

मी ज्या घरातली आहे त्या घरातल्या बायका तीन-चार पिढ्यांपूर्वी देवळाच्या सेवेला वाहिलेल्या होत्या. अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, देवळांभोवती अशी पुष्कळ घरं होती. नाचणं-गाणं त्यांनी करायचं, देवळाची कामं त्यांनी करायची, आणि गावातल्या कुणा धनवान माणसानं त्यांना 'ठेवायचं'. मुलांना बापाचं नाव नाही, वाटा नाही. अशाच घरांतून केसरबाई केरकर आल्या, मोगूबाई कुर्डीकर आल्या, म्हणून आज लोक कौतुकानं बोलतात. पण ही प्रथा आपोआप मोडली नाही. पैंगीणच्या राजाराम पैंगीणकरांसारख्या माणसांनी समाज उभा केला, मुलींना शाळेत घातलं, लग्नं लावून दिली. आमच्या आज्यांनी देवळातली कामं सोडताना काय काय ऐकून घेतलं ते घरात फार कमी बोललं गेलं. माझ्या पणजीचा एक फोटो आहे, नऊवारीत, खुर्चीवर ताठ बसलेली. त्या फोटोत तिच्या शेजारी कोणीच नाही, आणि शेजारी कोण असायला हवं होतं हे आमच्या घरात कधी विचारायचं नसतं.

मालिका गाजत होती तेव्हा मी जिथे कामाला होते तिथे एक साहेब दुसऱ्या बाईला, ती जरा नटून आली की, 'शेवंता' म्हणायचे. सगळे हसायचे. ती बाईही हसायची. मला कोणी तसं म्हणालं नाही. मी कुठल्या घरातली हे दोघा-तिघांना माहीत होतं, आणि तो शब्द उच्चारला गेला की ते माझ्याकडे एक क्षणभर बघायचे. तो क्षण मला अजून आठवतो.

अपूर्वा नेमळेकरांनी शेवंता फार समजून केली असं माझं मत आहे. तिच्यातला एकटेपणा त्यांनी दाखवला, आणि तो मी डोळे भरून बघितला. हो, मीसुद्धा मालिका बघितली, रोज बघितली. म्हणून बघू नका असं मी सांगणार नाही. पण मालिकेतली शेवंता आणि मालिकेबाहेर तुम्ही तिची केलेली शेवंता या दोन वेगळ्या बाया आहेत. मालिकेतली लेखकानं लिहिली, नटीनं केली. बाहेरची प्रेक्षकांनी केली: हाक मारून, स्टिकर पाठवून, साडी कशी नेसायची ते दाखवून. तिची जबाबदारी वाहिनीवर ढकलता येणार नाही.

गणपतीसमोर स्टेजवर पदर सावरत शेवंता येईल, शिट्ट्या पडतील, आणि मांडवात कुठेतरी माझ्यासारखी एखादी बसलेली असेल. मावशी, तुमच्या मांडवातही असेल.

साखळीची सून | बुधवार, सकाळी ७:३०

ताई, लिहिलंस ते फार बरं केलंस.

पेडणेकर | बुधवार, सकाळी ९:१२

बाय, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्यानं वाचून दाखवला. खलनायक आवडणं जुनं आहे या माझ्या म्हणण्यावर मी अजून ठाम आहे. पण एक गोष्ट त्यात राहून गेली होती, ती तुमच्यामुळे ध्यानात आली. संकासुराचं सोंग उतरलं की सोंग संपतं. जत्रेनंतर कोणी कुणाला संकासुर म्हणून टोचत नाही, कारण संकासुर आमच्यातला कोणी नाही. शेवंता आमच्यातली आहे. तिचं सोंग दुसऱ्या दिवशी खऱ्या बाईच्या अंगावर टाकता येतं. खलनायक आणि त्याची शिकार यांतला हा फरक नाटकवाल्यानं तरी विसरू नये.

वास्कोकर | बुधवार, सकाळी १०:०५

ताईंबद्दल आदर ठेवून विचारतो. असं बघायला गेलं तर कशानं ना कशानं कोणी ना कोणी दुखावणारच. मालिकेतल्या पांडूवर हसलो तर भोळसट माणसांची टिंगल, मालवणीवर हसलो तर कोकणची बदनामी. २०१६ मध्ये पहिला भाग आला तेव्हा अंधश्रद्धेवरूनही आक्षेप निघाले होतेच. मग बघायचं काय, फक्त कीर्तन?

अंत्रुजची लेक | बुधवार, दुपारी १२:२०

वास्कोकर दादा, प्रश्न बरोबर आहे, रागानं उत्तर देत नाही. दुखावणार कोणीतरी, हे मान्य. दुखावलेला माणूस बोलायला आला की समोरचा काय करतो, एवढंच मी बघते. "गंमत आहे, मनावर काय घेतेस" असं म्हणालात की तुम्ही मालिकेच्या बाजूनं उभे राहिलात आणि माझ्या विरुद्ध. ते तुम्हाला करावं लागत नाही. मालिका आवडते हे सांगूनही माझं ऐकून घेता येतं. ऐकल्यावर तुम्ही बघणं बंद करा असा माझा हट्ट नाही.

वास्कोकर | बुधवार, दुपारी १२:४१

हे पटलं. 'मनावर काय घेतेस' हे वाक्य मी घरी पुष्कळ वापरतो.

डिचोली केबल | बुधवार, दुपारी ३:००

बोलून काही होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक उदाहरण. २०१७ मध्ये सोनीवर 'पहरेदार पिया की' आली. लहान मुलगा आणि वयात आलेली मुलगी यांचं लग्न. प्रेक्षकांनीच ऑनलाइन याचिका काढली, हजारोंनी सह्या केल्या. वाहिन्यांच्या तक्रार परिषदेनं, म्हणजे बीसीसीसीनं, मालिका रात्री साडेदहाला हलवायला आणि बालविवाहाचं समर्थन नसल्याची सूचना दाखवायला सांगितलं. ऑगस्ट संपायच्या आत वाहिनीनं मालिका बंद केली. २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार आधी वाहिनीकडे करायची, तिनं १५ दिवसांत उत्तर द्यायचं, समाधान झालं नाही तर पुढे परिषदेकडे. नावागावासकट, कोणत्या दिवशीचा कोणता भाग ते नीट लिहा.

मडगावची वकील | बुधवार, दुपारी ३:४०

माहितीबद्दल आभार, पण मला स्वतःला बंद पाडण्याचा आनंद होत नाही. त्याच वाटेनं उद्या कोणी चांगली मालिकाही बंद पाडेल. 'बालिका वधू'सुद्धा बालविवाहाचीच गोष्ट होती, २००८ पासून कितीतरी वर्षं चालली, आणि त्या विषयावर घराघरात बोलणं तिनंच सुरू केलं. विषय एकच, हाताळणी वेगळी. हा फरक सरकारी बाबूपेक्षा रोज बघणाऱ्याला जास्त कळतो. खरा चाहता असेल तर त्यानंच सांगावं, की मला ही मालिका आवडते आणि हा प्रसंग मला चालला नाही.

पर्वरीचा बाप | बुधवार, रात्री ८:१५

नवीन सभासद आहे. मुलगी बारा वर्षांची. मोबाइलवर ती असल्या मालिकांचे तुकडे बघते, सगळा भाग कधीच नाही. फक्त अण्णाचं रागावणं, फक्त शेवंताचं हसणं. मागचं-पुढचं काहीच नाही. वयाचे शिक्के आहेत, १३ वर्षांवरच्यांसाठी, १६ वर्षांवरच्यांसाठी, पण या तुकड्यांवर शिक्का कुठे असतो? तुमच्या चर्चेत निदान सगळे सबंध मालिका बघणारे आहात. पुढच्या पिढीकडे गोष्ट पोचतच नाही, नुसता दरारा पोचतो.

साखळीची सून | बुधवार, रात्री ८:५०

दादा, शेजारी बसून तिच्याबरोबर एक सबंध भाग बघा. माईला काय होतं ते तिला दिसू दे. तुकड्यांत माई नसतेच.

केपेची मावशी | बुधवार, रात्री ९:३०

मंडळी, सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. अंत्रुजच्या ताई, तुमच्या परवानगीनं तुमचं म्हणणं, नाव न घेता, बैठकीत सांगेन.

माझं मत आता असं आहे. अण्णा मला आवडतो, उद्याही आवडेल, त्याबद्दल भाचीसमोर मान खाली घालणार नाही. पण घरात बसून बघणं वेगळं आणि मंडळाच्या नावानं, वर्गणीच्या पैशानं, गणपतीसमोर स्टेजवर आणणं वेगळं. तिथे कोणाला टाळ्या मिळतील हे आम्ही ठरवतो. लेखक नाही, वाहिनी नाही, आम्ही. त्यामुळे अण्णा-शेवंता हा प्रवेश होऊ नये असं मी मांडणार आहे. वाद होईल. दोघी-तिघी रुसतील. शेवंताची साडी आणूनही झाली आहे.

साखळीची सून म्हणाली तुकड्यांत माई नसते. ते वाचल्यापासून वाटतंय, प्रवेश माईचाच का करू नये? माई स्वयंपाकघरात एकटी आहे, अण्णा ओसरीवर आहे, त्याचा नुसता आवाज येतो. माई प्रेक्षकांशी बोलते. आमच्यातल्या जुन्या बायकांना हे बरोबर समजेल.

अंत्रुजची लेक | बुधवार, रात्री ९:४८

सांगा मावशी, परवानगी आहे. आणि माईच्या बोलण्यात शेवंताबद्दल एखादं वाक्य असू द्या, शिवी नसलेलं.

मडगावची वकील | बुधवार, रात्री १०:०२

आणि घर निम्मं आपलं आहे हे माईला माहीत असू द्या. गोव्यातली माई करा.

पेडणेकर | बुधवार, रात्री १०:३०

मावशी, संहिता मी लिहून देतो. दहा मिनिटांच्या वर नको, मांडवात पोरं गडबड करतात. मालवणी ठेवू की कोंकणीकडे झुकवू ते सांगा, केप्याला कोंकणी जास्त बरी पडेल असं वाटतं. अण्णाचा आवाज पडद्यामागून असेल तर तो पुरुषाचाच घ्या. खोकला आणि चपलांचा आवाज दोन्ही हवेत. शनिवारपर्यंत पहिला खर्डा पाठवतो, रविवारच्या बैठकीत वाचून दाखवता येईल. माईसाठी माइकची सवय असलेली बाई बघा. भाचीला विचारून बघायला हरकत नाही.